टेबलाभोवतीची अळीमिळी

आपल्या देशात पंतप्रधान नावाचा कोणी गृहस्थ आहे, हे ब्रिटनच्या कायद्याला पहिल्यांदा कळलं १९१७ मध्ये. तेही कशामुळे? एका उदार जोडप्याने आपली खेड्यातली हवेली पंतप्रधानांच्या शनिवार-रविवारच्या विसाव्यासाठी देऊ केली, आणि हवेली द्यायची तर कोणाला, हे कागदावर लिहिणं भाग पडलं. म्हणून चेकर्स इस्टेट कायद्यात हा शब्द उमटला. मग १९३७ मध्ये दुसरा कायदा झाला, तो पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा. हवेलीची सोय झाली, पगाराची झाली, म्हातारपणाची झाली. या माणसाने काम काय करायचं, एवढंच लिहायचं राहिलं. ते अजूनही राहिलंय.

पद मात्र जुनं आहे. रॉबर्ट वॉलपोलने १७२१ पासून २१ वर्षं ते सांभाळलं आणि 'तो मी नव्हेच' असा पवित्रा शेवटपर्यंत सोडला नाही. राजाच्या कानाला लागून सगळी सूत्रं एकट्याने बळकावणारा, असा आरोप करायचा तर त्या काळी विरोधक 'प्राइम मिनिस्टर' म्हणत. आज त्या आरोपाला पात्र ठरण्यासाठी लोक उमेदवारी अर्ज भरतात. डाउनिंग स्ट्रीटच्या १० नंबरच्या दारावर जी पितळी पत्रपेटी आहे, तिच्यावर आजही 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी' असंच कोरलेलं आहे. म्हणजे घर खजिन्याच्या पहिल्या मानकऱ्याचं. पंतप्रधान आत राहतात ते त्या मानकऱ्याच्या नावावर.

मंत्रिमंडळाची कथाही वेगळी नाही. ते अमुक कायद्याने स्थापन झालं, असं दाखवता येत नाही. पहिल्या जॉर्ज राजाने १७१७ च्या सुमारास बैठकांना येणं सोडलं. मधली खुर्ची रिकामी राहिली, तिच्यावर कोणीतरी बसलं, आणि पुढच्या तीनशे वर्षांत कोणी उठ म्हटलं नाही. इंग्रज याला घटनात्मक उत्क्रांती म्हणतात. आपल्याकडे वहिवाट म्हणतात आणि त्यावरून कोर्टात जातात.

२०११ मध्ये सरकारने 'कॅबिनेट मॅन्युअल' नावाची पोथी काढली. त्यात सगळे संकेत नीट मांडले आहेत. पण ती मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. मंत्र्यांसाठी आचारसंहिताही आहे आणि ती मोडली की नाही, याचा अंतिम निवाडा करणारे न्यायाधीश म्हणजे खुद्द पंतप्रधान. नोव्हेंबर २०२० मध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांनी संहिता मोडल्याचा निष्कर्ष सल्लागार ॲलेक्स ॲलन यांनी काढला. बोरिस जॉन्सन म्हणाले, मोडलेली नाही. मग राजीनामा कोणी दिला? सल्लागाराने.

आता बैठकीच्या खोलीत जाऊ. पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी तिथलं टेबल होडीच्या आकाराचं करून घेतलं, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळतं. हेतू असा, की मधोमध बसलेल्या पंतप्रधानाला सगळ्यांचे चेहरे दिसावेत. जुलै १९६२ मध्ये त्यांनी अर्थमंत्र्यासकट ७ मंत्री, म्हणजे एक तृतीयांश मंत्रिमंडळ, एका फटक्यात घरी पाठवलं, तेव्हा चेहरे उत्तम दिसत होते हे सिद्ध झालं. सव्वा वर्षाने तेही गेले. टेबल राहिलं.

या टेबलाभोवती सहसा मतदान होत नाही. विषय कोणता घ्यायचा हे पंतप्रधान ठरवतो, बोलू कोणाला द्यायचं हेही तोच ठरवतो, आणि चर्चेच्या शेवटी सारांशही तोच सांगतो. तो सांगेल तो निर्णय. हाउसिंग सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी शेवटी 'तर मग सर्वानुमते ठरलं' म्हणतो आणि पार्किंगवरून दोन तास भांडलेले सभासद एकमेकांकडे बघत राहतात, तसंच. फरक इतकाच, की सोसायटीतले सभासद जिन्यात तरी बोलतात. मंत्र्याला जिन्यात बोलायची बंदी आहे.

या बंदीचं नाव सामूहिक जबाबदारी. आत काय वाटेल ते म्हणा, बाहेर आल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं. पटत नसेल तर खुर्ची सोडा. १८४१ मध्ये धान्यावरच्या जकातीचा घोळ चालू होता. बैठक संपवून सहकारी जिना उतरू लागले, तेव्हा पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी त्यांना वरून हटकलं, अशी गोष्ट सांगतात. आपण धान्याचा भाव उतरवणार आहोत की नाही? काहीही म्हणा, पण सगळ्यांनी एकच म्हणा. एवढ्या एका वाक्यात ब्रिटिश राज्यघटनेचा अर्धा भाग येतो. आपल्याकडे हाच खेळ पोरं अंगणात खेळतात, अळीमिळी गुपचिळी. जो आधी बोलेल तो बाद.

ही गुपचिळी बावीस-तेवीस जणांपुरती असती तर भागलं असतं. पण ६५० जणांच्या सभागृहात ९५ पर्यंत मंत्री बसू शकतात, अशी मुभा कायद्यानेच दिली आहे. त्यांच्या मागे बिनपगारी संसदीय खासगी सचिवांची फौज. तेही खासदारच, आणि त्यांनीही सरकारविरुद्ध मत द्यायचं नाही. म्हणजे सरकारला जाब विचारणाऱ्या सभागृहात शंभराहून अधिक माणसं अशी, की त्यांनी जाब विचारला तर नोकरी जाते. लोकशाहीची जननी म्हणतात ती हीच.

बरं, गुपचिळी पाळायची तर ठरलं काय हे तरी माहीत हवं. १९१६ पर्यंत मंत्रिमंडळाच्या बैठकीचं इतिवृत्तच लिहिलं जात नसे. पंतप्रधान राजाला पत्र लिहीत, तेवढीच नोंद. ग्लॅडस्टन यांच्या काळात एका बड्या मंत्र्याच्या चिटणिसाने पंतप्रधानांच्या चिटणिसाला चिठ्ठी पाठवली, की बैठकीत ठरलं काय ते कळवा, आमच्या साहेबांना पत्ता नाही. जगाच्या नकाशाचा मोठा भाग लाल रंगात रंगवणाऱ्या राज्याचा कारभार हा असा. पुढे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ तर बैठक चालू असताना व्हेनेशिया स्टॅन्ली या तरुण मैत्रिणीला पत्रं लिहीत आणि त्यात राज्याची गुपितंही असत. संसदेपासून लपवलेलं टपालाने जाई. पहिलं महायुद्ध अंगावर आलं, तेव्हा नवे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी मॉरिस हँकी यांना सचिव नेमलं आणि मग कुठे कागदावर 'ठरले की' असं उमटू लागलं. चर्चेत कोण काय म्हणालं, हे मात्र आजही सहसा नावानिशी लिहीत नाहीत. मुद्दे मांडले गेले, एवढंच. कोणी मांडले, ते मंत्री पुढे आठवणींच्या पुस्तकात सांगतात, आणि त्या पुस्तकांत सगळेच विरोधात होते.

या गुपचिळीची खरी किंमत बघायची तर ९ जानेवारी १९८६ ची बैठक बघा. मार्गारेट थॅचर मधल्या खुर्चीत. वेस्टलँड या हेलिकॉप्टर कंपनीवरून भांडण पेटलेलं. संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी कागद गोळा केले, उठले, बाहेर रस्त्यावर आले आणि राजीनामा दिल्याचं वार्ताहरांना सांगून मोकळे झाले. देशभर खळबळ. आत बैठक पुढे चालू राहिली आणि पुढच्या विषयांत एक प्रस्ताव विनासायास मंजूर झाला. स्थानिक कराची नवी पद्धत, डोईपट्टी. सरदाराला जेवढा कर, जवळजवळ तेवढाच त्याच्या माळ्याला.

सगळ्यांचं लक्ष बाहेर गेलेल्या माणसाकडे. बाईंना पुढे जे बुडवणार होतं, ते आत टेबलावर होतं. हेलिकॉप्टरवरून एक मंत्री गेला, डोईपट्टीवरून त्या दिवशी एकही उठला नाही. हा कर १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला. लंडनमध्ये दंगल झाली. मग टेबलाभोवतीच्या शहाण्यांना हळूहळू आठवू लागलं, की आपल्याला तेव्हाच शंका होती.

१ नोव्हेंबर १९९० ला जेफ्री हाउ यांनी राजीनामा दिला, युरोपच्या प्रश्नावर. अकरा वर्षं मंत्रिमंडळात बसलेला हा मवाळ गृहस्थ १३ तारखेला संसदेत बोलायला उभा राहिला आणि अकरा वर्षांचं न बोललेलं सगळं वीसेक मिनिटांत बोलला. थॅचर यांच्याविरुद्ध पक्षनेतेपदाला कोण उभं राहिलं? तेच हेलिकॉप्टरवाले हेसल्टाइन. पहिल्या फेरीत बाईंना २०४ मतं, त्यांना १५२. बहुमत थॅचर यांचं, पण पक्षाच्या नियमाप्रमाणे जी आघाडी हवी होती, तिला ४ मतं कमी. २१ तारखेच्या संध्याकाळी त्यांनी एकेका मंत्र्याला खोलीत बोलावलं. बहुतेकांचं उत्तर एकच. मी तुमच्याच बाजूने आहे हो, पण तुम्ही जिंकणार नाही. सामूहिक जबाबदारीचं इतकं काटेकोर पालन त्याआधी झालं नसेल. मेलबर्न असते तर धन्य झाले असते. दुसऱ्या दिवशी थॅचर यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

यावरून कोणी म्हणेल, टेबलाला वळसा घालणारा पंतप्रधान बुडतो. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं.

१९४६ मध्ये हिंदुस्थानात 'कॅबिनेट मिशन' आलं होतं, ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पेथिक-लॉरेन्स, स्टॅफर्ड क्रिप्स आणि ए. व्ही. अलेक्झांडर. चाळीस कोटींच्या देशाची घडी कशी बसवायची, हे ठरवायला मंत्रिमंडळाच्या नावाने आलेले तिघे. पुढच्याच जानेवारीत पंतप्रधान ॲटली यांनी ब्रिटनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवायचा असं ठरवलं, ते मंत्रिमंडळात नव्हे, निवडक सहा जणांच्या समितीत. अलेक्झांडर तिच्यात होते. क्रिप्स यांना बाहेर ठेवलं, कारण ते खर्चाचा प्रश्न काढतात. अर्थमंत्री डाल्टन यांनाही बाहेर ठेवलं, त्याच कारणासाठी. खर्चाचा प्रश्न काढणं हे अर्थमंत्र्याचं कामच असतं, ही अडचण अशी सोडवली. हिंदुस्थानचं भवितव्य ठरवायला क्रिप्स चालले, स्वतःच्या देशाचा बॉम्ब ठरवायला नाही चालले. आणि झालं काय? काही नाही. १९५२ मध्ये बॉम्ब फुटला, ॲटली आजही थोर पंतप्रधानांच्या यादीत वर असतात.

टोनी ब्लेअर तर एक पायरी पुढे. १ मे १९९७ ला निवडणूक जिंकली, ६ मे ला अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. नव्या मंत्रिमंडळाची पहिली बैठक ८ मे ला. कॅबिनेट सचिव रॉबिन बटलर यांनी आधी सुचवून पाहिलं होतं, की सहकाऱ्यांना विचारलेलं बरं. ते हो म्हणतील, असं उत्तर मिळालं. आणि खरंच म्हणाले. निर्णय गाजला. तीच सोफ्यावर बसून दोघा-तिघांत ठरवायची सवय इराक युद्धापर्यंत गेली, आणि २००४ मध्ये या अनौपचारिक कारभारावर ठपका ठेवणारा अहवाल आला. लिहिणारे कोण? निवृत्त झालेले तेच रॉबिन बटलर. सोनारानेच कान टोचले, पण कान तोवर बधिर झालेले.

तर नियम असा आहे. मंत्रिमंडळाला न विचारता घेतलेला निर्णय बरोबर ठरला, तर ते खंबीर नेतृत्व. चुकला, तर सहकाऱ्यांना अंधारात ठेवल्याचा गुन्हा. कलम तेच, निकाल उजाडल्यावर शिक्षा ठरते. लिझ ट्रस यांना विचारा. २३ सप्टेंबर २०२२ ला त्यांच्या अर्थमंत्र्यांनी, क्वासी क्वार्टेंग यांनी, ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्यात वर्षाला दीड लाख पौंडांच्या वर कमावणाऱ्यांचा ४५ टक्क्यांचा कर काढून टाकायची घोषणाही होती. पौंड गडगडला, बँक ऑफ इंग्लंडला रोखेबाजारात उतरावं लागलं. २ ऑक्टोबरला दूरचित्रवाणीवर विचारलं, श्रीमंतांच्या करावर मंत्रिमंडळात चर्चा झाली होती का? नाही, तो अर्थमंत्र्यांचा निर्णय होता, असं बाई म्हणाल्या. म्हणजे मंत्रिमंडळाला विचारलं नाही हे अभिमानाने, आणि आपणही त्यात नव्हतो हे सुटकेने, दोन्ही एका दमात. दुसऱ्या दिवशी तो निर्णय मागे. १३ तारखेला क्वार्टेंग वॉशिंग्टनमध्ये म्हणाले, मी कुठेही जात नाही. १४ तारखेला लंडनला गेले आणि पद गेलं. २० तारखेला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

याच्या उलट उदाहरणं नाहीत असं नाही. मे १९४० च्या शेवटी डंकर्कला सैन्य अडकलेलं, आणि पाच जणांच्या युद्धमंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होते, इटलीमार्फत तहाची चाचपणी करून तर बघू. चर्चिल यांना पंतप्रधान होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यांनी हॅलिफॅक्स यांना गप्प केलं नाही. तीन दिवस त्या पाच जणांत वाद होऊ दिला. मग २८ मे ला बाहेरच्या वर्तुळातले पंचवीसेक मंत्री बोलावले, त्यांच्यासमोर परिस्थिती ठेवली, आणि त्यांचा पाठिंबा घेऊन परत त्या छोट्या खोलीत गेले. हुकूमशहाशी लढायचं की नाही, हे मंत्रिमंडळाने ठरवलं. चर्चिल यांनी एकट्याने ठरवलं, हे नंतर सिनेमावाल्यांनी ठरवलं.

१९७६ मध्ये तिजोरीत खडखडाट झाला आणि नाणेनिधीपुढे ३.९ अब्ज डॉलरसाठी हात पसरायची वेळ आली. पंतप्रधान जिम कॅलहन यांनी अर्थमंत्री डेनिस हीली यांची पाठराखण लगेच केली नाही. टोनी बेन यांना त्यांची आयातनिर्बंधांची योजना मांडू दिली, अँथनी क्रॉसलंड यांना त्यांचा विरोध मांडू दिला. बैठकांवर बैठका झाल्या. सगळे बोलून बोलून दमले, तेव्हा कर्जाच्या अटी मान्य झाल्या आणि मंत्रिमंडळातून एकानेही राजीनामा दिला नाही. याला खंबीर नेतृत्व कोणी म्हणालं नाही. उलट ढिलाई म्हणाले. कॅलहन पडले ते १९७९ मध्ये, संसदेत एका मताने. पण आपल्याच माणसांनी ढकलल्यामुळे नव्हे. त्या देशात हेही थोडं नाही.

म्हणजे टेबलाला बोलू देणारा पंतप्रधान जिंकतोच असं नाही, पण बरोबरचे लोक त्याच्या बुडण्यातही सामील असतात. न बोलू देणारा जिंकला तर एकटा जिंकतो आणि बुडताना एकटाच असतो. बाकीचे तोवर पोहायला शिकलेले असतात.

जुलै २०२२ मधलं पोहणं बघा. ५ तारखेला आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे दिले. जॉन्सन यांच्याबरोबर टाळेबंदीच्या काळापासून बसलेल्या या मंडळींना सचोटीची आठवण एकदम झाली. मग रीघ लागली. मंत्री आणि मदतनीस मिळून पन्नासच्या वर गेले. नदीम झहावी यांना ५ तारखेला अर्थमंत्री केलं. ७ तारखेला त्यांनी, पद न सोडता, ज्यांनी नेमलं त्यांनाच जाहीर पत्र लिहिलं, की आता जा. मिशेल डोनलन यांना शिक्षणमंत्री होऊन दोन दिवसही झाले नव्हते तोच त्यांनी राजीनामा दिला. त्या वर्षात ब्रिटनने पाच शिक्षणमंत्री आणि चार अर्थमंत्री पाहिले. खंजीर चालवणाऱ्याला मुकुट मिळत नाही, असं तिकडच्या राजकारणात म्हणतात. हेसल्टाइन यांना मिळाला नव्हता. सुनक यांना मिळाला, मधे ट्रसबाईंची ४९ दिवसांची घटका भरू द्यावी लागली इतकंच. पक्षाने त्यांची निवड केली ती नेमकी दिवाळीत, त्यामुळे आपल्या वाहिन्यांना खंजिराकडे बघायला वेळ झाला नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली होती. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्याच मापात मिळत नाहीत, तेव्हा मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असा त्यांचा मुद्दा. ती जबाबदारी रोजच्या रोज तपासली जाते, प्रश्नांनी, ठरावांनी, चर्चांनी. म्हणून आपण लंडनचे संकेत कलमांत लिहून घेतले. पंतप्रधान कलम ७४ मध्ये, मंत्रिमंडळाची लोकसभेपुढची सामूहिक जबाबदारी कलम ७५ मध्ये. इंग्रजांनी ते लिहिलं नाही, कारण सभ्य माणसांना लिहून द्यावं लागत नाही, असा त्यांचा समज.

लिहा किंवा लिहू नका, कलम गप्प बसणाऱ्याचं तोंड उघडू शकत नाही. ते मंत्र्याने स्वतः, वेळेवर, खुर्ची शाबूत असताना उघडायचं असतं. तसं उघडलेलं तोंड तीनशे वर्षांत फार वेळा दिसलं नाही. बाकी वेळी सामूहिक जबाबदारीची वाटणी ठरलेली आहे. निर्णय एकाचा, गप्प बसणं सगळ्यांचं, आणि राजीनामा पुन्हा एकाचा.